दोन्हीकडून दोन टक्के

आपल्या समाजात अशी काही देणी आहेत की ज्यांचा दर कोणत्याही कायद्याने ठरविलेला नाही, आणि तरीही त्या दराविषयी विचारणा करणारा मनुष्य अडाणी किंवा कद्रू यांपैकी एका सदरात हमखास घातला जातो. पुरोहिताची दक्षिणा आणि वाजंत्र्यांची बिदागी यांच्या पंक्तीला घराच्या खरेदी-विक्रीतील दलाली बसवावी लागेल ती याच कारणाने. फरक एवढाच की दक्षिणेच्या पाकिटात किती घातले हे पाकीट उघडेपर्यंत गुप्त राहते, तर दलालीच्या बाबतीत आकडा सर्वांना ठाऊक असून तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर ठरविला एवढेच गुप्त असते.

पुण्यात हा आकडा दोन आहे. कोथरूडला दोन, औंधला दोन, सहकारनगरला दोन. मुंबईत काही ठिकाणी तो एकावर उतरतो, पण तेथे घराची किंमतच अशी असते की त्या एकात आमचे दोन सुखाने नांदावेत. हे दोन टक्के घर विकणाऱ्याने द्यावयाचे असतात, आणि त्याच घराचे, त्याच दिवशी, त्याच गृहस्थाला आणखी दोन टक्के घर घेणाऱ्यानेही द्यावयाचे असतात. एकाला अधिकात अधिक किंमत मिळवून देण्याचे आणि दुसऱ्याला कमीत कमी किमतीत घर मिळवून देण्याचे आश्वासन एकाच जिभेने, एकाच जिन्यात, दहा मिनिटांच्या अंतराने देता येणे ही काही सामान्य विद्या नव्हे. वकिलाने असे केले तर त्याची सनद जाईल. दलालाने केले तर त्याला ‘दोन्ही साइड’ मिळाल्या म्हणून सहव्यावसायिक त्याचे अभिनंदन करतात.

आमच्या इमारतीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांना हा हिशेब प्रथमपासूनच मंजूर नव्हता. मुलाकडे नाशिकला कायमचे राहावयास जाण्याचे ठरल्यावर त्यांनी आपली सदनिका विकावयास काढली, आणि काढल्याबरोबर, गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा तत्परतेने, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर त्रैराशिक मांडले: किंमत 80 लाख धरली तर दोन टक्क्यांप्रमाणे दलाली 1,60,000, तिच्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर 28,800, एकूण 1,88,800 रुपये. हे पान त्यांनी आम्हा प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखविले. “हा फ्लॅट मी 1987 साली घेतला, तेव्हा सबंध घराला एवढे पैसे पडले नव्हते,” असे ते म्हणत. आणि त्या वेळच्या सबंध घराच्या पैशांत आज त्या घराच्या स्वयंपाकघराचा ओटादेखील धडपणे बदलून होत नाही, हा विचार त्यांना सोयीस्करपणे सुचत नसे.

त्या पानावरील तिसरी ओळ मात्र जरा थांबून पाहण्यासारखी आहे. हा अठरा टक्क्यांचा कर प्रत्येक दलालाला लावता येतोच असे नाही. ज्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे आणि म्हणून ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला तो मागण्याचा अधिकार नाही. तेव्हा बिलावर जीएसटी क्रमांक आहे की नाही हे चष्मा लावून पाहावे. क्रमांक नसताना कर मागणारे महाभाग भेटतात. असा कर सरकारपर्यंत पोहोचत नसला तरी तो मागण्याची पद्धत मात्र अगदी सरकारी असते.

आणि सरकारचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की त्याच 80 लाखांच्या घरावर घेणाऱ्याला पुण्यात मुद्रांक शुल्कापोटी सात टक्के, म्हणजे 5,60,000 रुपये, आणि वर नोंदणी फीचे 30,000 रुपये भरावे लागतात. सरकारने त्याला घर दाखविलेले नसते, चावी आणून दिलेली नसते, भर उन्हात चार मजले चढून “साहेब, व्हेंटिलेशन बघा” असे म्हटलेले नसते, तरीही मुद्रांक शुल्काच्या खिडकीशी उभे राहून “काही कमी होईल का?” असे विचारणारा इसम अद्याप जन्मास यावयाचा आहे. केवळ स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास त्यात एक टक्का सूट मिळते खरी, आणि शंभर वर्षांच्या सुधारकी व्याख्यानांनी जे साधले नाही ते या एका टक्क्याने साधून कित्येक घरांच्या दारावर गृहिणीच्या नावाची पाटी झळकू लागली आहे. पण ही सवलत शासनाने आपण होऊन दिलेली आहे, कोणी घासाघीस करून मिळविलेली नव्हे. घासाघिशीचा आपला सर्व पुरुषार्थ आपण दलालाकरिता राखून ठेवतो.

असो. दलाली वाचविण्याचा निर्धार करून मुख्याध्यापकांनी रविवारच्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली आणि तिच्या शेवटी ‘दलाल क्षमस्व’ हे दोन शब्द घातले. आमच्याकडे या दोन शब्दांचा परिणाम नेमका उलट होतो. सकाळी सातपासून जे फोन सुरू झाले ते बहुतेक सर्व दलालांचेच होते, आणि प्रत्येकाने, “काका, आम्ही ब्रोकर नाही, आमच्याकडे फक्त पार्टी रेडी आहे,” या वाक्याने आरंभ केला. एकाने तर, “तुम्ही क्षमा मागितलीत, आम्ही केली,” असे म्हणून पुढील बोलण्यास प्रारंभ केल्याचे मुख्याध्यापक शपथेवर सांगतात. या गर्दीत एक खराखुरा ग्राहक मात्र निघाला. हे एक बँकेतील अधिकारी होते, संध्याकाळी ते सपत्नीक आले, चहा घेतला, बाल्कनीतून टेकडीचा जो काही तुकडा दोन इमारतींच्या फटीतून दिसतो तो पाहून समाधान पावले, आणि 82 लाखांच्या मागणीवर 79 देण्याची तयारी दाखवून सर्व काही सुरळीत चालले असताना, उठता उठता, ज्यात कोणाही समंजस मनुष्यास काही गैर वाटू नये असे एक वाक्य बोलून गेले: “स्वयंपाकघर जरा अंधारं आहे.”

मुख्याध्यापकांच्या पत्नी त्या वेळी त्याच स्वयंपाकघराच्या दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. “याच अंधारात हिनं अडतीस वर्षं स्वयंपाक केला,” मुख्याध्यापक म्हणाले, “आणि एकदासुद्धा मीठ विसरली नाही.” यावर बँकेच्या अधिकाऱ्यांनी आपला तसा हेतू नव्हता असे सांगितले, मुख्याध्यापकांनी कसा हेतू होता असे विचारले, अधिकाऱ्यांच्या पत्नीने आपल्या सध्याच्या घरातील स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी असल्याची माहिती, वास्तविक काही कारण नसताना, पुरविली, आणि एकोणऐंशी लाखांचा तो सौदा पायपुसण्यापाशी पोहोचेपर्यंत थंड झाला होता.

त्यानंतर काही दिवसांनी मुख्याध्यापकांनी दलालाला बोलाविले. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात दोन भ्रमणध्वनी, असा तो तिशीतील तरुण दारात आला, आणि चपला काढण्यापूर्वीच त्याने मुख्याध्यापकांना ‘काका’ व त्यांच्या पत्नीला ‘काकू’ करून टाकले. घरात शिरल्यावर त्याने घराविषयी एक अक्षरही उच्चारले नाही. त्याने प्रथम सर्व खिडक्या उघडल्या, सर्व दिवे लावले, बाल्कनीतील वाळत घातलेले कपडे काकूंच्या परवानगीने आत घेतले, मोरीतील नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला आणि मग जमिनीवर मांडी घालून विचारले: सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, पहिले खरेदीखत, इंडेक्स टू, मिळकत कराची चालू वर्षाची पावती, विजेचे बिल, सोसायटीचा ना-हरकत दाखला. शेअर सर्टिफिकेट लोखंडी ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत सापडले. इंडेक्स टू सापडलीच नाही. ती त्याने दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून शोध घेऊन आणली. सोसायटीचे चिटणीस हस्तांतरासाठी काही भलताच आकडा सांगू लागले, तेव्हा हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये असल्याचे त्याने त्यांना अत्यंत अदबीने सांगितले, आणि चिटणीसही अत्यंत अदबीने त्या आकड्यावर आले. या एवढ्या कामासाठी मुख्याध्यापकांना किती खेटे घालावे लागले असते याचे त्रैराशिक त्यांनी मांडले नाही. त्या पानावर जागा उरली नसावी.

पंधरा दिवसांत त्याने ‘जेन्युइन पार्टी’ आणली. दार उघडले तर बाहेर तेच बँकेचे अधिकारी. दोन्ही पक्षांनी एकमेकांना ओळखले, आणि ओळखले नाही असे दाखविले. अधिकाऱ्यांनी घर प्रथमच पाहत असल्याच्या उत्सुकतेने टेकडीच्या तुकड्याकडे पाहिले आणि मुख्याध्यापकांनी तो त्यांना प्रथमच दाखविला. पुढील आठ-दहा दिवस या दोघांमध्ये एका शब्दाचेही बोलणे झाले नाही. जे झाले ते त्या तरुणाच्या द्वारा. अधिकारी म्हणाले, “त्यांना सांगा, किचनचं सगळं फिटिंग काढून टाकावं लागणार, निदान दोन लाख खाली या.” हा निरोप मुख्याध्यापकांपर्यंत, “काका, मॅडमना तुमचं किचन फार आवडलंय, फक्त तिथं एक जादा लाइट पॉइंट घ्यायचाय म्हणतात,” या स्वरूपात पोहोचला. मुख्याध्यापक म्हणाले, “त्या मनुष्याला म्हणावं, परवडत नसेल तर हिंजवडीच्या पलीकडे जा.” हे अधिकाऱ्यांच्या कानी, “सरांना तुमच्यासारखीच फॅमिली हवी आहे, म्हणून ते थांबलेत,” असे होऊन गेले. अशा रीतीने 82 आणि 78 यांच्यामधील दरी दोन्ही बाजूंनी सौजन्याने भरून निघत अखेर 80 लाखांवर व्यवहार ठरला.

दलाली पुढे दीड टक्क्यावर तुटली, ती कशी हे यथावकाश सांगेन. पण वाचकांनी येथेच थोडे गणित करून पाहावे. दीड टक्का म्हणजे 1,20,000, त्यावर कर 21,600, मिळून 1,41,600 रुपये प्रत्येक बाजूने. पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना समक्ष 79 लाख मिळत होते; आता 80 लाखांतून दलाली वजा जाता 78,58,400 मिळाले, म्हणजे 41,600 कमी. अधिकाऱ्यांनी एक लाख किमतीत आणि 1,41,600 दलालीत, म्हणजे 2,41,600 अधिक दिले; वाढलेल्या लाखावरचे मुद्रांकाचे सात हजार वेगळे. दोहोंची बेरीज 2,83,200. ‘स्वयंपाकघर जरा अंधारं आहे’ या चार शब्दांच्या वाक्याला मराठी भाषेत आजवर पडलेली ही सर्वोच्च किंमत असावी, आणि ती दोन्ही पक्षांनी हसतमुखाने मोजली.

यावरून माझे असे मत झाले आहे की दलाली ही घर शोधण्याची मजुरी नव्हेच. घरे आता भ्रमणध्वनीवर शेकड्यांनी दिसतात. छायाचित्रांसह, नकाशासह, भावासह दिसतात. परंतु ज्या वर्गाला मुलीच्या लग्नात देण्याघेण्याचे बोलणेसुद्धा मामाकरवी करण्याची सवय, त्या आमच्या वर्गाला परक्या मनुष्याच्या डोळ्यांत पाहून “तुमच्या घराची एवढी किंमत नाही” असे म्हणण्याचे धैर्य होत नाही, आणि असे कोणी म्हटले तर ते ऐकून घेण्याचे त्याहून होत नाही. दोन सभ्य कुटुंबांना एकमेकांशी पैशाविषयी बोलावे लागू नये म्हणून भरलेला तो एक ऐच्छिक कर आहे. मात्र कर म्हणूनच तो भरावयाचा असेल तर तो कशावर, किती आणि केव्हा, हे विचारण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.

कशावर, याचे उत्तर शेकडेवारीत आहे आणि तेथेच खरी मेख आहे. दलाल आपल्या बाजूने किंमत वाढवील अशी विकणाऱ्याची समजूत असते. आणखी एक लाख मिळविण्यासाठी महिनाभर थांबावयाचे ठरले, तर विकणाऱ्याच्या पदरात 98,000 पडतात आणि दलालाच्या पदरात 2,000. दोन हजारांसाठी महिनाभर पेट्रोल जाळण्यापेक्षा आजच सौदा उरकून उद्या दुसऱ्या इमारतीत जाणे त्याच्या हिताचे असते, आणि तो वेडा नसतो. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीची छाननी करून 2008 साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की दलाल स्वतःचे घर विकतो तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे दहा दिवस अधिक काळ बाजारात ठेवतो आणि तीन टक्क्यांहून अधिक भाव मिळवितो. म्हणजे धीर धरण्याची कला त्याला अवगत असते. ती दोन टक्क्यांत येत नाही, एवढेच.

द्यावयाची कोणी, याबाबत मात्र देशोदेशी निरनिराळा आचार आहे. इंग्लंडात ती प्रायः विकणाराच देतो, आणि 1979 च्या कायद्याने दलालाने आपला आकार आधी सांगितलाच पाहिजे असा तेथे दंडक आहे. अमेरिकेत पाच-सहा टक्के विकणाऱ्याच्या पैशातून निघत आणि त्यांतूनच घेणाऱ्याच्या दलालाचीही सोय लागे. परंतु 2023 साली मिसूरी राज्यातील एका ज्यूरीने या प्रथेविरुद्ध कौल दिला, दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने 2024 मध्ये 41.8 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि त्या वर्षाच्या ऑगस्टपासून घेणाऱ्याला घर दाखविण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार करणे संघटनेच्या दलालांना भाग पडले. न्यू जर्सीतील माझा भाचा या नव्या नियमावर फार नाराज आहे. “मामा, नुसतं घर बघायला सही करायची?” असे तो फोनवर म्हणाला. कोथरूडमध्ये सही न करता घर बघतात आणि नंतर सहा महिने भांडतात, हे मी त्याला सांगितले. पण त्याने तेथील पद्धतीने फोन ठेवला.

आपल्याकडे नव्या बांधकामात हा प्रश्न फार सुंदर रीतीने सोडविला आहे. तेथे दलाल ‘चॅनेल पार्टनर’ होतो, त्याचा मोबदला बिल्डर देतो, आणि घेणाऱ्याला “साहेब, तुम्हाला ब्रोकरेज झिरो” असे सांगण्यात येते. बिल्डर हे पैसे कोठून देतो असा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने खुशाल शून्यावर विश्वास ठेवावा. तथापि या क्षेत्रात कायदा तरी आहे. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजे सर्वमुखी झालेल्या ‘रेरा’ने, नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या दलालावर नोंदणीची सक्ती केली, नोंदणीवाचून धंदा केल्यास दररोज 10,000 रुपये दंड, तो साचत साचत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महारेराने तर 2023 पासून दलालांची परीक्षा घेण्यास आरंभ केला, आणि ज्यांनी शालान्त परीक्षेनंतर लेखणी खाली ठेवली ती केवळ टोकनची पावती लिहिण्यापुरती उचलली, अशा पन्नाशीच्या गृहस्थांना हॉल तिकीट घेऊन परीक्षाकेंद्र शोधावे लागले. दुसऱ्यांना पत्ते शोधून देण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना त्या दिवशी आपला आसनक्रमांक सापडला असेल अशी आशा आहे. पण या सबंध अधिनियमात दलाली किती घ्यावी याचा आकडा कोठेही नाही, आणि मुख्याध्यापकांच्या घरासारख्या जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीला तर दलालाच्या नोंदणीची ही अटही लागू होत नाही. दोन टक्के हा निव्वळ रिवाज आहे, आणि रिवाज बोलून बदलता येतो.

केव्हा द्यावयाची, हे 1872 च्या भारतीय करार अधिनियमात सापडते. त्याच्या 219 व्या कलमाचा आशय असा, की वेगळे काही ठरलेले नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत मुखत्याराचा मोबदला देय होत नाही. आणि पुढचेच कलम म्हणते की कामात गैरवर्तन करणाऱ्याला तेवढ्या भागाचा मोबदला मागता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी सर्व लिहिले, पण काम पूर्ण केव्हा झाले हे ठरविण्याचे आमच्यावर सोपविले. दलालाच्या मते टोकनचा धनादेश फाटला की काम पूर्ण झाले. विकणाऱ्याच्या मते बँकेचे कर्ज वाटप होऊन शेवटचा रुपया खात्यात पडला म्हणजे. घेणाऱ्याच्या मते ताबा मिळाला म्हणजे. काकूंच्या मते मोरीचा नळ, जो पाहण्याच्या दिवशी त्या तरुणाने जोराने सोडला आणि तेव्हापासून जो गळतो आहे, तो दुरुस्त झाला म्हणजे. सामान्यतः निम्मी साठेखताच्या दिवशी आणि निम्मी खरेदीखताच्या दिवशी द्यावी, असे समंजस लोक आधीच ठरवून घेतात. टोकनवर सगळी मागणारा भेटल्यास त्याला 219 हा आकडा नुसता मोघम उच्चारून दाखवावा.

खरेदीखताच्या दिवशी हा तरुण दुय्यम निबंधकांच्या कचेरीत खरा रंगला. कोणत्या बाकावर पंखा लागतो, संगणकावरील कोणत्या बाईंना घाई केलेली खपत नाही, छायाचित्राच्या वेळी चष्मा काढावा लागतो की नाही, हे सर्व त्याला ठाऊक. आंगठा यंत्रावर उमटेना तेव्हा त्याने खिशातील रुमाल काढून काकूंचा आंगठा स्वतः पुसला. ओळखदार म्हणून सही करावयाची वेळ आली तेव्हा, दोन महिन्यांपूर्वी ज्यांचे नावही त्याने ऐकले नव्हते त्या मुख्याध्यापकांना आपण व्यक्तिशः ओळखतो, असे त्याने निःसंकोचपणे लिहून दिले. आणि मला वाटते, तोपर्यंत ते खरेही झाले होते.

आता दीड टक्क्याची हकीकत. टोकनच्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर त्याने काकांना हळूच गाठले आणि रिवाजाची आठवण दिली. मुख्याध्यापकांनी खिशातून दिनदर्शिकेचे ते पान काढले. त्यावर त्या तरुणाने जे सांगितले ते मी पहिल्या मजल्यावरून ऐकले, आणि ते खोटे नव्हते. एक सौदा जमतो तेव्हा वीस फिसकटतात आणि त्या विसांचे पेट्रोल कोणी देत नाही. शिवाय ही रक्कम त्याची एकट्याची नव्हे. अधिकारी आले ते बावधनच्या दुसऱ्या एका दलालाकडून, म्हणजे त्यांच्या बाजूचे निम्मे तिकडे. घर विकाऊ असल्याची बातमी ज्याने पुरविली त्या आमच्या पहारेकऱ्याचा एक वाटा. आणि काका दलाली टाळायला बघतात पण आता कंटाळले आहेत, ही अधिक मौल्यवान बातमी ज्याने दिली त्या इस्त्रीवाल्याचा एक. आमच्या इमारतीत कोण कधी कंटाळतो याची नोंद इस्त्रीवाल्याकडे असते हे मला त्या दिवशी प्रथमच कळले, आणि तेव्हापासून मी त्याच्यासमोर उत्साही दिसण्याचा प्रयत्न करतो.

“मग असं करू या काका,” तरुण म्हणाला, “बिल नको असेल तर कॅशमध्ये दीड टक्का द्या. एक लाख वीस हजार. विषय संपला.” मुख्याध्यापकांनी विचार करण्यास रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी दीड टक्काच, परंतु बिलासह, खात्यातून, करासहित, असे सांगितले. दोन्ही बाजू हातच्या असल्यामुळे तरुणाने फारसे ताणले नाही, आणि अधिकाऱ्यांनाही मग तोच दर लावावा लागला.

ही रात्र मुख्याध्यापकांनी एका कर सल्लागाराच्या फोनवर घालविली होती. घर विकून झालेल्या नफ्यावर कर भरण्याची पाळी आली, तर विक्रीसाठी दिलेली दलाली नफ्यातून वजा मिळते. मात्र तिचे बिल आणि बँकेतील नोंद दाखविता आली पाहिजे. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर धरून तेरा टक्के कर होतो. तेव्हा 1,41,600 रुपयांच्या बिलावर 18,408 रुपये कर वाचला, आणि बिलाची दलाली खरोखर पडली 1,23,192 रुपयांना. रोखीची, वजावट नसलेली, पडली असती 1,20,000 रुपयांना. म्हणजे बिल घेण्याचा खर्च आला 3,192 रुपये, आणि त्यात उद्या काही वाद निघाल्यास ग्राहक आयोगापुढे ठेवण्यासाठी शिक्कासहीचा एक कागद मिळाला. 80 लाखांच्या त्या सबंध व्यवहारात एवढी स्वस्त वस्तू दुसरी नव्हती.